सही दिवाणाची, फेड कुणब्याची



मागच्या महिन्यात तालुक्याच्या बैठकीत एक तरुण भाऊ उभा राहिला आणि म्हणाला, "जगातल्या साऱ्या बँका म्हणे युरोपातल्या एकाच घराण्याच्या आहेत. दोनशे वर्षांपासून तेच राजांना कर्ज देतात, तेच लढाया लावतात, तेच कापसाचे भाव पाडतात. मग आपण तहसीलवर मोर्चा नेऊन काय मिळवणार?" सभेत हशा पिकला. पण दोन-चार माना डोलल्याही. आम्हाला हशापेक्षा त्या मानांची काळजी वाटली. दोन मिनिटांत उत्तर देता आले नाही, म्हणून या अंकाची एवढी जागा त्यासाठी घेतली आहे.

युरोपात मोठ्या पेढ्या होत्या, हे खरे. फ्रँकफुर्टच्या रॉथशिल्डचे पाच मुलगे फ्रँकफुर्ट, व्हिएन्ना, लंडन, नेपल्स आणि पॅरिस अशा पाच शहरांत बसले आणि राजेरजवाड्यांना कर्जे देऊ लागले. पण त्यांच्याच शेजारी लंडनमध्ये बेअरिंग होते, पॅरिस-बर्लिनचे दुसरे सावकार होते, आणि त्यांचे एकमेकांशी पटत होते असेही नाही. १८९० मध्ये बेअरिंगची पेढी अर्जेंटिनाच्या कर्जात रुतली तेव्हा तिला वाचवायला बँक ऑफ इंग्लंडला धावावे लागले. जगाची दोरी कोणा एकाच्या हातात असती तर ही पाळी आली नसती. एका घराण्याच्या किंवा एका धर्माच्या माथी सगळे मारायचे, ही आळशी अक्कल आहे. आपल्याकडे मारवाड्याच्या नावाने बोटे मोडतात तसलाच प्रकार. आणि त्यात एका माणसाची मोठी सोय होते. ज्याने कर्जावर सही केली तो नामानिराळा राहतो.

राजाची सावकारी कशी चालते हे शिकायला फ्रँकफुर्टला जायला नको. छत्रपती संभाजीनगरच्या छावणीपर्यंत गेले तरी पुरे. जनावरांच्या बाजाराला आपण तिथे वर्षानुवर्षे जातो. ती छावणी ज्या फौजेची होती, त्या फौजेच्या पगाराची ही गोष्ट आहे.

१८०० च्या तहाप्रमाणे लढाई झाली तर निजामाने इंग्रजांना नऊ हजार घोडा आणि सहा हजार पायदळ द्यायचे होते. लढाई झाली तर. पण हैदराबादचा इंग्रज रेसिडेंट हेन्री रसेल याने निजामाच्या खर्चाने आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली एक कायमची फौज उभी केली. पुढे तिला हैदराबाद कंटिंजंट म्हणू लागले. औरंगाबाद, हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई, एलिचपूर म्हणजे आजचे अचलपूर, अशी तिची ठाणी. हुकूम इंग्रजांचा, पगार निजामाचा. वर्षाचा खर्च चाळीस लाखांच्या घरात गेला. शांततेच्या काळात अशी फौज पोसायची असे तहात कुठेही लिहिलेले नव्हते. पण दिवाणगिरी चालवणारा राजा चंदूलाल इंग्रजांच्याच पाठिंब्यावर बसलेला. तो नाही कशाला म्हणेल?

तिजोरीत तर खडखडाट. तेव्हा पुढे आली विल्यम पामर आणि कंपनी, हैदराबादची पेढी. तिचे भागीदार कोण ते नीट वाचा, कारण बैठकीतल्या भावाचा प्रश्न इथेच सुटतो. विल्यम पामर हा इंग्रज सेनापतीचा आणि मुसलमान बेगमेचा मुलगा. बंकटीदास हा गुजराती सराफ. सर विल्यम रंबोल्ड हा अस्सल विलायती सरदार. एकाच गादीवर तीन जाती. पैशाला सोवळे-ओवळे नसते!

युरोपियनांनी देशी राजांना कर्जे देऊ नयेत असा विलायतेच्या पार्लमेंटचा १७९७ चा कायदा होता. वरिष्ठ सरकारने परवानगी दिली तरच सूट. ही सूट पामर कंपनीला १८१६ मध्ये मिळाली. दिली कोणी? गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्जने. आणि भागीदार रंबोल्डची बायको कोण? हेस्टिंग्जच्या पालकत्वाखाली वाढलेली, त्याला मुलीसारखी असलेली. कुंपणच शेत खाते ही म्हण आपण पोलीस पाटलापुरती वापरतो, इथे कुंपण कलकत्त्याला बसले होते.

पेढी ठेवीदारांना बारा टक्के देई आणि निजामाकडून चोवीस-पंचवीस टक्के घेई. ठेवीदारांत इंग्रज अधिकारीही होते. म्हणजे निजामाने काटकसर करावी, असा उपदेश ज्यांनी करायचा, त्यांचीच पुंजी निजामाच्या उधळपट्टीवर वाढत होती. औरंगाबादच्या फौजेचा पगार पेढीने भागवायचा आणि त्याच्या बदल्यात वऱ्हाड-मराठवाड्याच्या महसुलावरच्या तनखा, म्हणजे वसुलीच्या चिठ्ठ्या, घ्यायच्या, असा करार झाला. चिठ्ठी हैदराबादेत फाटायची, वसुली आपल्या खळ्यावर व्हायची. महसुलाचे मक्ते जास्त बोली बोलणाऱ्याला दिले जात. मक्तेदाराला माहीत असे की पुढच्या वर्षी दुसरा कोणी त्याहून जास्त बोलेल, म्हणून यंदा जेवढे निघेल तेवढे ओरबाडायचे. ज्वारी मळून घरात येण्याआधीच शिपाई दारात. ज्या कुणब्याने जन्मात हैदराबाद पाहिले नाही, पामर हे माणसाचे नाव आहे की औषधाचे हे ज्याला ठाऊक नाही, तो पामरच्या पंचवीस टक्क्यांचा जामीनदार झाला. त्याला विचारले कोणी?

आता १८२० चे साठ लाखांचे कर्ज. कारणे मोठी गोड लिहिली होती. फौजेची व नोकरांची थकबाकी द्यायची, देशी सावकारांचे देणे वारायचे आणि रयतेला तगाई द्यायची. होय, रयतेला तगाई! कलकत्त्याच्या कौन्सिलमध्ये मतभेद झाले, तेव्हा हेस्टिंग्जने आपले निर्णायक मत घालून ते मंजूर करून घेतले. त्याच वर्षाच्या अखेरीस चार्ल्स मेटकाफ रेसिडेंट म्हणून हैदराबादेत आला. त्याने वह्या पाहिल्या. साठ लाख कुठेच आले नव्हते. आठ लाख पेढीच्या भागीदारांनी बक्षीस म्हणून वरच्या वर काढले होते, आणि बाकीची रक्कम बहुतांशी जुन्या खात्यातून नव्या खात्यात उचलून ठेवली होती.

भावांनो, ही युक्ती ओळखीची वाटते ना? मार्चअखेर सोसायटीत आपण दुसरे काय करतो? नवे-जुने! जुने कर्ज कागदावर भरले, नवे कागदावर उचलले, व्याज मुद्दलात गेले, हातात दमडी नाही आणि सातबाऱ्यावर बोजा वाढलेला. साठ लाखांचे नवे-जुने हैदराबादेत दोनशे वर्षांपूर्वी झाले. फरक एवढाच की तिथे ज्याचे नवे-जुने झाले त्याने ते स्वतःच्या शेतावर केले नाही, आपल्या शेतावर केले. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र.

मेटकाफ काही शेतकऱ्यांचा कैवारी नव्हता. कंपनीचाच माणूस. पण उजाड पडलेली गावे त्याने पाहिली, गावागावाशी साऱ्याचा ठराव करून वसुलीला हद्द घालायचा प्रयत्न केला आणि वरिष्ठांचा रोष पत्करून पेढीचे बिंग फोडले. एवढे त्याच्या पदरात टाकले पाहिजे.

हेस्टिंग्ज १८२३ च्या आरंभी हिंदुस्थान सोडून गेला. त्याच वर्षी पेढीचे देणे फेडून टाकायचे ठरले. कशातून? आजच्या आंध्रच्या किनाऱ्यावरचे उत्तर सरकार नावाचे जिल्हे कंपनीकडे होते आणि त्यांच्यापोटी कंपनी निजामाला दर साल सात लाख रुपये पेशकश देत होती. तो कायमचा हक्क कंपनीने एक कोटी सोळा लाख सहासष्ट हजार रुपयांना विकत घेऊन टाकला. सात लाखांना सहा टक्क्यांनी भागा, बरोबर हाच आकडा येतो. म्हणजे कंपनीने स्वतःचे देणे सहा टक्क्यांच्या भावाने मिटवले, आणि निजामाने पंचवीस टक्क्यांचे कर्ज फेडायला वर्षाची बांधलेली आमदनी कायमची घालवली. पुढच्याच वर्षी, १८२४ मध्ये, पामर कंपनीचे दिवाळे निघाले.

इथे जरा थांबा. सावकार बुडाला! आपल्या भाषणांत सावकार कधी बुडत नाही, पण खऱ्या हिशेबात तो बुडतो. पामरनंतर तारापूरचे पारशी बंधू विकाजी आणि पेस्तनजी मेहेरजी आले. वऱ्हाडचा कापूस बैलांवर लादून मुंबईला पाठवणारे पहिले मोठे व्यापारी हेच, साल १८२५-२६. त्यांनीही निजामाला कर्ज दिले, बदल्यात वऱ्हाडचा महसूल घेतला, औरंगाबादच्या टांकसाळीतून त्यांच्या नावाचे पेस्तनशाही रुपयेसुद्धा निघाले. १८४३ मध्ये चंदूलाल पायउतार झाला. पुढच्या एक-दोन वर्षांत त्यांच्याकडचे तालुके काढून घेण्यात आले आणि तीही पेढी बसली. पामर गेला, पेस्तनजी गेले. फौज मात्र राहिली, आणि फौजेचा खर्च राहिला. आता पगार थकला की कंपनी स्वतःच तो भागवी आणि निजामाच्या नावे मांडून ठेवी. सावकाराची गादी सरकारने घेतली.

आणि सरकार बुडत नाही. २१ मे १८५३ च्या तहाने डलहौसीने थकबाकीपोटी आणि फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दोआब लिहून घेतले. थकबाकी सुमारे पन्नास लाखांची. निजामाच्या बाजूचे लोक म्हणत होते, सिकंदराबाद आणि जालन्याच्या छावण्यांतली आबकारी चाळीस वर्षे तुम्हीच घेता, ती वर्षाला लाखभर होते, ती वजा करा म्हणजे कर्ज जवळपास उरतच नाही. जालन्याच्या छावणीत कोण किती दारू प्याला, यावर वऱ्हाडचे भवितव्य लटकले होते! वजावट झाली नाही. १८६० च्या तहाने धाराशिव आणि रायचूर परत मिळाले, कर्जही सोडले गेले, पण वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यातच राहिले आणि त्याच्या जमाखर्चाचा हिशेब निजामाने मागायचा नाही असे कलम घातले गेले. कर्ज संपले तरी गहाण सुटेना आणि हिशेबही मिळेना. १९०२ मध्ये कर्झनने वऱ्हाड वर्षाला पंचवीस लाखांवर कायमच्या पट्ट्याने घेतले. ज्या काळ्या जमिनीवर मँचेस्टरचा डोळा होता, ती एका फौजेच्या पगाराच्या थकबाकीत गेली.

त्या जमिनीचे पुढे काय झाले? १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी लागली, तिकडचा कापूस अडला आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत दर आठवड्याला नवी बँक, नवी कंपनी. बॅकबेच्या समुद्रात भराव घालणाऱ्या कंपनीचे पाच हजारांचे शेअर लोक पंचवीस-तीस हजार जादा मोजून घेत होते. सरकारचे स्वतःचे भाग आणि स्वतःचे डायरेक्टर असलेली बँक ऑफ बाँबे त्या शेअरांच्या तारणावर कर्जे वाटत सुटली. १८६५ च्या वसंतात अमेरिकेतली लढाई थांबल्याची बातमी आली आणि पत्त्यांचा बंगला कोसळला. पुढच्या मे महिन्यात लंडनची ओव्हरएंड गर्नी ही बडी पेढी बुडाली, तिचा धक्का इथेही पोचला. बँक ऑफ बाँबे १८६८ मध्ये गुंडाळली, चौकशी समिती बसली, आणि त्याच वर्षी त्याच नावाची नवी बँक उघडली. ती १९२१ मध्ये इंपीरियल बँकेत गेली, १९५५ मध्ये तिची स्टेट बँक झाली. बँकेला पुनर्जन्म आहे. कुणब्याला?

कुणब्याकडे १८६७ पासून फेरआकारणीवाले आले. पुणे जिल्ह्यात इंदापूरपासून सुरुवात. लढाईच्या वर्षांतला भाव आणि गाडीरस्ते पाहून सारा वाढवला, आणि भाव तर केव्हाच खाली आला होता. सारा रोखीत, ठरल्या तारखेला. ज्वारी पिकली नाही तरी तारीख हलत नव्हती. तारीख पाळायला सावकाराचा उंबरा. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांची घरे-दुकाने गाठली, कर्जरोखे बाहेर काढून जाळले, आणि ते लोण पुणे-नगरच्या गावागावांत गेले. खून करावेत म्हणून कोणी निघाले नव्हते, कागद जाळायला निघाले होते. त्या माणसांना आमचा मुजरा आहे. तरीही बोलले पाहिजे. ज्या साऱ्यासाठी तो रोखा लिहून दिला, त्या साऱ्याचे दप्तर कचेरीत होते. त्याला कोणी हात लावला नाही. १८७९ चा कायदा आला तोही मुख्यतः सावकाराला आवरणारा. ज्याने कर्ज काढायला लावले त्यानेच न्यायाधीशाची खुर्ची घेतली, आणि आजही ती सोडलेली नाही.

हे एकट्या आपल्याच वाट्याला आले असेही समजू नका. कापूस पिकवणाऱ्या दुसऱ्या एका देशाकडे पाहा. अमेरिकेच्या त्याच लढाईत इजिप्तचाही कापूस तेजीत आला. तिथला खेदीव इस्माईल फुशारला आणि युरोपच्या पेढ्यांकडून कर्जे काढू लागला. १८७३ चे एक कर्ज तीन कोटी वीस लाख पौंडांचे. कागदावर! हाती आले सुमारे दोन कोटी. १८७५ मध्ये त्याने सुएझ कालव्याचे आपले शेअर विकायला काढले. ते इंग्लंडच्या सरकारने घेतले, त्यासाठीचे चाळीस लाख पौंड लंडनच्या रॉथशिल्डने उभे करून दिले. १८७६ मध्ये इजिप्तचे दिवाळे, सावकार देशांची वसुली कचेरी कैरोत, आणि १८८२ मध्ये इंग्रज फौज. नाईलकाठच्या शेतकऱ्याने त्या कालव्याच्या खोदाईत वेठ केली होती, आणि कर्जही त्याच्याच कापसातून वसूल झाले. इथे रॉथशिल्ड होता, हैदराबादेत पामर. नाव बदलले, धर्म बदलला, देश बदलला. दोन्हीकडे राजाने सही केली, कोणाला न विचारता, आणि सावकाराने कर्ज दिले ते राजाकडे बघून नव्हे, त्याच्या शिपायांची काठी ज्यांच्या पाठीवर पोचते त्या कापूसवाल्यांकडे बघून. ती काठी काढून घ्या, मग पाहू कोणता सावकार पंचवीस टक्क्यांनी दिवाणाला पैसे देतो.

बैठकीतल्या भावाला आमचे उत्तर हे आहे. लंडनची पेढी आपल्या हाताला लागणार नाही, पण सही करणाऱ्याची कचेरी तालुक्यालाच आहे.

आणि सह्या थांबलेल्या नाहीत. सहकारी साखर कारखान्यांच्या कर्जाला राज्य सरकार थकहमी देते. कारखाना बुडाला की भरपाई तिजोरीतून, म्हणजे ज्याच्या रानात उसाचे टिपरू उभे राहू शकत नाही त्या कोरडवाहू माणसाच्याही खिशातून. चंदूलालच्या तनखेत आणि या थकहमीत आम्हाला तरी कागदाच्या रंगापलीकडे फरक दिसत नाही. २००८ मध्ये केंद्राने कर्जमाफी दिली, तिला पाच एकरांची अट होती. कालव्याखालच्या पाच एकराला पूर्ण माफी, आणि आपल्या बरड रानातल्या आठ एकराला आधी बाकीचे भरा मग पंचवीस टक्के सूट. २०१७ मध्ये, २०१९ मध्ये राज्याने पुन्हा माफ्या दिल्या, पुन्हा अटी, पुन्हा याद्या, पुन्हा अंगठे. माफी हा शब्दच बघा. गुन्हा केला त्याला माफी! बड्या कंपनीचे कर्ज बुडाले तर बँकेच्या वहीत 'निर्लेखित' असा शब्द येतो. त्याची वसुली आम्ही सोडलेली नाही, असे बँका सांगतात. असेल. पण त्या कंपनीच्या मालकाच्या दारावर जप्तीची नोटीस चिकटवून गावासमोर त्याची अब्रू काढलेली आम्ही अजून पाहिली नाही.

वऱ्हाडच्या वेळी हिशेब मागायचा नाही असे कलम होते. आपल्या कागदावर तसे कलम नाही, तरी आपण मागत नाही. म्हणून जिल्हा बैठकीला येताना प्रत्येकाने सोसायटीचा किंवा बँकेचा आपला खातेउतारा आणावा, पहिले कर्ज उचलले तेव्हापासूनचा. गटसचिव देत नसेल तर लेखी अर्ज करून पोच घ्यावी आणि ती पोच आणावी. पहिल्या वर्षी हातात किती आले, त्यानंतर किती वेळा नवे-जुने झाले, आजवर भरले किती आणि बोजा किती, हे चार आकडे गाववार मांडायचे आहेत. मायबहिणींच्या नावावर बचतगटाचे कर्ज असेल तर त्याचीही वही आणावी. मांडणीला सकाळी दहाला सुरुवात होईल, भाकरी बरोबर बांधून आणावी.